परदेशी पासपोर्ट आणि बेळगावातलं घर

"आईबाबांनी अमेरिकेचा पासपोर्ट घेतला, आता बेळगावात घर नावावर होत नाही" हे वर्षानुवर्षं ऐकतोय, चूक आहे ओ. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते) असलं की टिळकवाडीत फ्लॅट घ्या नाहीतर शहापुरात जुनं घर, रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, फक्त पैसे बँकेतूनच जायला पाहिजेत, कॅश नको. अडतं ते शेतजमिनीवर. 2020 ला कर्नाटकानं शेतकरीच पाहिजे ही अट काढली म्हणून एजंट जांबोटी रोडचं फार्महाऊस बिनधास्त दाखवतात, पण फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा केंद्राचा, तो तसाच आहे, ओसीआयवाल्याला शेती किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही, वारशानं आलं तर चालतं. प्लॉट असला तर एनए म्हणजे बिगरशेती झालाय का बघा, उतारा कन्नडात असतोय, वाचणारा माणूस बरोबर न्या.