एक खरेदी, तीन दावेदार

वेबसाइटच्या अहवालात 'खरेदी' नावाचा एक कॉलम असतो आणि डावीकडे लोक कुठून आले त्याची यादी: सर्च, ईमेल, सोशल मीडिया, थेट भेट. समजा, ईमेलसमोर 120 आहेत आणि सोशल मीडियासमोर 30. बघणारा लगेच म्हणतो, ईमेलनं चौपट काम केलं. पण तक्ता तसं सांगत नाही. खरेदी किती झाल्या हे मोजलेलं असतं. त्यांचं श्रेय कोणाला, हे मात्र एका नियमानं वाटलेलं असतं. कॉलमच्या शीर्षकात तो नियम सहसा दिसत नाही. या नियमाला ॲट्रिब्यूशन मॉडेल म्हणतात. कॉलम वाचण्याआधी तो विचारून घ्यावा, एवढंच मला इथे सांगायचं आहे, आणि ते का, हे एका उदाहरणातून पटेल.

एकाच ग्राहकाचा प्रवास घेऊ. खरेदीच्या 21 दिवस आधी त्यानं सोशल मीडियावरच्या जाहिरातीवर क्लिक केलं, वस्तू पाहिली आणि निघून गेला. 7 दिवस आधी सर्चमधून परत आला. शेवटी ईमेलमधल्या लिंकवरून आला आणि त्याच दिवशी खरेदी केली. खरेदी एक, दावेदार तीन.

लास्ट टच मॉडेल सगळं श्रेय ईमेलला देतं, फर्स्ट टच सगळं जाहिरातीला. लिनियर मॉडेल तिघांना समान वाटा देतं. यू-आकाराचं मॉडेल पहिल्याला 40 टक्के, शेवटच्याला 40 आणि मधल्याला 20 देतं. जे-आकाराच्या मॉडेलमध्ये शेवटच्याला 60 टक्के मिळतात, उरलेल्या दोघांना 20-20.

टाइम डिके हे मॉडेल मला यांत सगळ्यांत विचारपूर्वक केलेलं वाटतं. किरणोत्सारी मूलद्रव्यांसाठी वापरली जाणारी अर्धायुकालाची, म्हणजे अर्धं व्हायला लागणाऱ्या काळाची, कल्पना इथे श्रेयाला लावली आहे. अर्धायुकाल 7 दिवसांचा धरला, तर खरेदीच्या दिवशीच्या भेटीचं वजन 1, 7 दिवस आधीच्या भेटीचं अर्धं आणि 21 दिवस आधीच्या भेटीचं तीनदा अर्धं होऊन एक अष्टमांश. बेरीज 1.625. म्हणजे ईमेलला 61.5 टक्के, सर्चला 30.8 आणि जाहिरातीला 7.7. ईमेलचा वाटा जे-आकाराच्या जवळपास आला, पण तिथे समान असलेल्या सर्च आणि जाहिरात यांच्यात आता सर्चचा वाटा जाहिरातीच्या चौपट झाला. 7 दिवसांचा अर्धायुकाल मात्र निसर्गानं दिलेला नाही, तो कुणीतरी निवडलेला आहे. विचार करून महिनाभरानं घेतल्या जाणाऱ्या वस्तूला आणि पाहताक्षणी घेतल्या जाणाऱ्या वस्तूला एकच अर्धायुकाल लावणं मला पटत नाही.

मॉडेलइतकंच महत्त्व लुकबॅक विंडोला, म्हणजे खरेदीच्या किती दिवस मागे जाऊन पाहायचं त्या मर्यादेला. ती 14 दिवसांची ठेवली, की 21 दिवसांपूर्वीची जाहिरात हिशेबातून पूर्ण बाहेर पडते. आता फर्स्ट टचचं श्रेय सर्चला जातं. 'पहिला स्पर्श' म्हणजे खरोखर पहिला नव्हे, तर विंडोत दिसलेला पहिला. वेबसाइटच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्स 4 या साधनात नवा वापरकर्ता मिळवण्याशी संबंधित घटनांसाठी ही मर्यादा, आपण बदलली नाही तर, 30 दिवसांची असते आणि बाकीच्यांसाठी 90.

चांगल्या अहवाल-साधनांत हा नियम कॉलमवर लावता येतो. ॲडोबी ॲनालिटिक्समध्ये कॉलमच्या शीर्षकाजवळच्या गिअरच्या चिन्हात शिरलं, की फक्त त्या कॉलमपुरतं वेगळं मॉडेल आणि वेगळी विंडो निवडता येते. म्हणजे 'खरेदी' हाच कॉलम दोनदा घ्यायचा, एकाला फर्स्ट टच, दुसऱ्याला लास्ट टच, आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. फर्स्ट टचमध्ये मोठी आणि लास्ट टचमध्ये छोटी दिसणारी ओळ बहुधा ओळख करून देणारी असते. उलट दिसणारी ओळ व्यवहार पुरा करणारी. एका कॉलमातून हे कळायचा मार्गच नसतो. कॉलमच्या नावातच मॉडेल आणि दिवस लिहावेत, उदाहरणार्थ 'खरेदी, फर्स्ट टच, 30 दिवस'. तक्ता कॉपी होऊन दुसऱ्याच्या सादरीकरणात गेला, की गिअरमागची माहिती बरोबर जात नाही.

एका मॉडेलशी विशेष जपून वागावं: पार्टिसिपेशन. यात प्रत्येक स्पर्शाला पूर्ण श्रेय मिळतं. आपल्या उदाहरणात तीन ओळींत प्रत्येकी 1 दिसेल आणि एकूण खरेदी मात्र 1च. ओळींची बेरीज करून कुणी 'तीन खरेदी' म्हणाला, तर चूक तक्त्याची नाही.

तारखेचीही एक गोम आहे. गूगल ॲड्स या गूगलच्या जाहिरात-सेवेत नेहमीच्या 'कन्व्हर्जन' कॉलममध्ये खरेदी जाहिरातीवरच्या क्लिकच्या तारखेवर लागते. खरेदीच्या तारखेनुसार आकडे हवे असतील, तर वेगळा कॉलम जोडावा लागतो. क्लिक महिनाअखेरीस आणि खरेदी पुढच्या महिन्यात झाली, तर दोन अहवाल जुळणार नाहीत, आणि तरीही दोन्ही बरोबर असतील.

2023मध्ये गूगलनं ॲनालिटिक्समधून फर्स्ट क्लिक, लिनियर, टाइम डिके आणि स्थानावर आधारलेलं, म्हणजे यू-आकाराचं, मॉडेल काढून टाकलं. भर आता डेटा-ड्रिव्हन मॉडेलवर आहे, जे प्रत्यक्ष प्रवासांची तुलना करून वाटे ठरवतं. अशा मॉडेलांच्या मुळाशी असलेली एक कल्पना लॉइड शॅप्ली या गणितज्ञानं 1953मध्ये मांडली. 2012मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. समजा, नुसती जाहिरात पाहिलेल्या 100 जणांत 4 खरेदी होतात, नुसता ईमेल मिळालेल्यांत 2, आणि दोन्ही लाभलेल्यांत 10. जाहिरात आधी आली असं धरलं, तर तिची भर 4. ईमेलनंतर आली असं धरलं, तर 10 वजा 2, म्हणजे 8. सरासरी 6. तसाच हिशेब ईमेलचा: 2 आणि 6, सरासरी 4. सहा आणि चार मिळून बरोबर 10. कुणाचं श्रेय दोनदा मोजलं नाही, काही शिल्लकही राहिलं नाही. इतकी सुबक वाटणी पाहून मला आजही आनंद होतो.

पण गणित कितीही सुबक असलं, तरी त्याला मिळणारा प्रवास अर्धवट असू शकतो. परत आलेला माणूस तोच आहे, ही ओळख पटवण्याचं काम 1994पासून कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, करते आणि 2019पासून सफारी ब्राउझर पानावरच्या स्क्रिप्टनं ठेवलेल्या कुकीला 7 दिवसांचंच आयुष्य देतो. आपला ग्राहक जाहिरातीनंतर 14 दिवसांनी परतला होता. सफारीत तो नवा माणूस ठरेल, आणि कोणतंही मॉडेल निवडलं तरी जाहिरातीला शून्य मिळेल.

शिवाय जाहिरात नसती तर काय झालं असतं, हे श्रेयाच्या वाटणीतून कळत नाही. ईबे कंपनीनं स्वतःच्या नावावर लागणाऱ्या सर्च-जाहिराती काही ठिकाणी बंद करून पाहिल्या. 2015मध्ये 'इकोनोमेट्रिका'त प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की गेलेले जवळपास सगळे क्लिक खालच्या फुकटच्या निकालांतून परत आले. लास्ट टचच्या कॉलममध्ये त्याच जाहिराती दमदार दिसल्या असत्या.

असा प्रयोग प्रत्येक ओळीसाठी करणं परवडत नाही. तिथे शेजारी ठेवलेले ते दोन कॉलम पुन्हा उपयोगी पडतात. ज्या ओळीला लास्ट टचमध्ये भरघोस श्रेय आहे आणि फर्स्ट टचमध्ये जवळपास काहीच नाही, ती जाहिरात आधी थोड्या भागात बंद करून पाहावी.