रक्तवाहिनी-प्रवेश व कॅथेटर परिचर्या : शिक्षण आणि संशोधन (नाशिक)

औषध, द्रव, रक्त किंवा पोषण थेट रक्तात पोहोचवण्यासाठी शिरेत नळी घालणे म्हणजे रक्तवाहिनी-प्रवेश. ती नळी लावल्यापासून काढेपर्यंत सांभाळणे म्हणजे कॅथेटर परिचर्या. वॉर्डात मात्र हे शब्द कोणी उच्चारत नाही. ‘शीर सापडली’, ‘इंट्राकॅथ लावला’, ‘सलाईन आउट झालं’, ‘शीर फुटली’ एवढ्यातच सगळे सांगून होते. औषध डॉक्टर लिहून देतात. ते शिरेत जाते की हात सुजवते, हे बहुतेक वेळा सिस्टरच्या हातात असते. म्हणून हा विषय परिचर्याशास्त्राचा स्वतःचा आहे आणि त्यावरचे संशोधनही परिचारिकांनीच करायला हवे.

नाशिकचा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर आहे. राज्यातल्या बहुतेक परिचर्या महाविद्यालयांचे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम या विद्यापीठाशी संलग्न आहेत. कोकणातल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीची प्रश्नपत्रिकाही इथून निघते. दुसरा संबंध रुग्णांचा. जिल्हा रुग्णालय, शालिमारजवळचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आणि आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय यांच्याकडे शहराइतकेच सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतूनही रुग्ण येतात.

शिकवणीची सुरुवात रंगांपासून होते. १८ गेजचा इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची नळी) हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. काम भागेल अशी सर्वांत बारीक नळी घ्यायची, सांध्यावरची जागा टाळायची आणि शक्यतो कोपराखालचा हात निवडायचा. अल्कोहोलमधल्या क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसल्यावर ती आपोआप सुकू द्यायची. फुंकर मारायची नाही आणि पुसलेल्या जागी शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही. दोन प्रयत्नांत जमले नाही तर जास्त अनुभवी हाताला बोलवायचे. हे सगळे कौशल्य-प्रयोगशाळेतल्या रबरी हातावर चांगले जमते. जुलाबांनी सुकलेल्या आठ महिन्यांच्या बाळाची शीर मात्र रबरी नसते. ती दबते, सरकते, डोळ्यांना दिसतही नाही. तिथे मदतीला येते ती जुन्या सिस्टरशेजारी उभे राहून घेतलेली शिकवण. ती वेळ अभ्यासक्रमाच्या तासांत नीट मोजली जायला हवी.

खरी कसोटी नळी लागल्यावर सुरू होते. शिरेला सूज येणे, म्हणजे फ्लेबायटिस, हा सर्वांत नेहमीचा त्रास. तो मोजण्यासाठी अँड्र्यू जॅक्सन या ब्रिटिश परिचारकाने १९९८ मध्ये मांडलेली व्हीआयपी (व्हिज्युअल इन्फ्यूजन फ्लेबायटिस) गुणपट्टी जगभर वापरतात. तिच्यात ० म्हणजे जागा निरोगी. २ गुणांना नळी काढून दुसरीकडे लावायची, आणि ५ म्हणजे शीर दोरीसारखी कडक होऊन तापही आलेला. पण या पट्टीतल्या पहिल्या खुणांत लाली आहे आणि सावळ्या कातडीवर लाली उशिरा कळते. म्हणून इथे नजरेबरोबर बोटांनी ऊब तपासणे आणि रुग्णाला विचारणे जास्त कामाचे. विचारायचे तेही त्याच्या शब्दांत. ‘दुखतंय का?’ला ‘नाही’ म्हणणाऱ्या आजी ‘ठणकतंय का?’ला पटकन ‘हो’ म्हणतात. शिवाय जागा दिसली तर गुण देता येणार. नळीभोवती चिकटपट्टीचे थरावर थर गुंडाळण्याची सवय जिथे आहे, तिथे ही पट्टी भिंतीवर लावून उपयोग नाही. पारदर्शक ड्रेसिंग हवे आणि त्यावर तारीख-वेळ हवी.

या तारीख-वेळेचे महत्त्व नाशिकसारख्या ठिकाणी आणखी वाढते. घाटापलीकडच्या ग्रामीण रुग्णालयात घाईत लावलेली नळी रुग्णवाहिकेतून रुग्णाबरोबर शहरात येते. घाईच्या वेळी निर्जंतुक पद्धत पाळली गेली याची खात्री नसेल, तर अशी नळी शक्य तितक्या लवकर, ४८ तासांच्या आत बदलावी, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पण नळीवर काहीच लिहिलेले नसेल, तर ते तास कुठून मोजायचे?

नळी ठरावीक दिवसांनी बदलावी की नाही, हा वाद परिचारिकांच्याच संशोधनाने बराचसा मिटवला. क्लेअर रिकार्ड व सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात ३,२८३ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आला. ठरवून बदललेल्या आणि गरजेपुरत्या बदललेल्या, दोन्ही गटांत फ्लेबायटिसचे प्रमाण ७ टक्केच निघाले. म्हणजे चांगली चाललेली नळी केवळ तारीख उलटली म्हणून काढून रुग्णाला पुन्हा टोचण्याची गरज नाही. मात्र यात एक अट दडलेली आहे. नळी दर पाळीला कोणीतरी खरोखर पाहिली पाहिजे. एकेका परिचारिकेवर रुग्णांचा भार जास्त असलेल्या वॉर्डात हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येईल का, हे इथल्याच वॉर्डात तपासावे लागेल. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी यापेक्षा चांगला प्रश्न शोधून सापडणार नाही.

प्रत्यक्षात प्रबंधांचा ओढा दुसरीकडे आहे. प्रश्नावली द्यायची, एक व्याख्यान घ्यायचे, पुन्हा तीच प्रश्नावली द्यायची आणि वाढलेले गुण मांडायचे, असा साचा भारतातल्या परिचर्या-प्रबंधांत फार रुळला आहे. व्याख्यानानंतर गुण वाढणारच. हात धुण्याची सवय वाढली का, हे त्यातून कळत नाही. सुजलेल्या शिरेवर मॅग्नेशियम सल्फेट-ग्लिसरीनची पट्टी किंवा हेपरिनॉइड मलम यांची तुलना करणारे प्रबंध त्या मानाने रुग्णाच्या जवळ जातात.

सेंट्रल लाइनच्या, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेल्या नळीच्या बाबतीत अमेरिकेच्या मिशिगन राज्याचे उदाहरण शिकवतात. हात धुणे, पूर्ण निर्जंतुक आवरण, क्लोरहेक्झिडिन, जांघेतली जागा टाळणे आणि गरज संपलेली लाइन काढणे, या पाच गोष्टी तिथे सुमारे शंभर अतिदक्षता विभागांत नेमाने पाळल्या गेल्या. लाइनमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. यातल्या एकाही गोष्टीला महागडे यंत्र लागत नाही.

डायलिसिसच्या रुग्णाचा फिस्टुला, म्हणजे सुई घालण्यासाठी हातातली धमनी व शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली जागा, हा याच विषयाचा भाग, आणि तिथे शिकवायचे असते ते मुख्यतः रुग्णाला. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा नको, सुई नको, डोक्याखाली घेऊन झोपणे नको. रोज सकाळी बोटांखाली थरथर लागते का ते पाहायचे, आणि थांबली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

संसर्गाचा दर हजार कॅथेटर-दिवसांमागे काढतात. दहा रुग्णांना तीन दिवस लाइन असेल, तर ते तीस कॅथेटर-दिवस. त्यासाठी रोज ठरलेल्या वेळी विभागात किती लाइन चालू आहेत याची नोंद करावी लागते. एक वही आणि दोन मिनिटे पुरतात. ही वही नसेल तर संसर्ग झालेले रुग्ण मोजता येतात, पण ते कितीमागे किती, हे सांगता येत नाही.