दोन कमरुद्दीन आणि दिल्लीची वजिरी

पेशवेकाळाविषयी वाचताना दिल्लीचा वजीर कमरुद्दीनखान वारंवार भेटतो, आणि हैदराबादच्या पहिल्या निजामाचे मूळ नावही मीर कमरुद्दीनच असल्यामुळे पुष्कळ वाचक दोघांना एकच माणूस समजतात. घोटाळा व्हावा अशीच परिस्थिती आहे: दोघे एकाच तुराणी (मध्य आशियातून आलेल्या) घराण्यातले, दूरचे चुलतभाऊ, आणि दोघेही मोगल बादशहा मुहम्मदशहाचे वजीर.

1728 मध्ये पालखेडला बाजीरावाने ज्याची कोंडी केली, तो निजामुल्मुल्क, म्हणजे हैदराबादचा पहिला निजाम. 1722 मध्ये वजीर होताच त्याने दोन गोष्टींचा आग्रह धरला: खालसा (थेट बादशाही खजिन्याच्या) जमिनी मक्त्याने देणे बंद करावे आणि नेमणुकांसाठी पेशकशीच्या (नजराण्याच्या) नावाखाली घेतला जाणारा पैसा थांबवावा. त्याच पैशावर पोसलेल्या दरबाऱ्यांनी त्याचे काही चालू दिले नाही. 1723 च्या अखेरीस त्याने दिल्ली सोडली आणि पुढच्याच वर्षी साखरखेर्ड्याच्या (आजचा बुलढाणा जिल्हा) लढाईत मोगल सुभेदार मुबारिजखानाला मारून दख्खनेत पाय रोवले.

दुसरा कमरुद्दीनखान म्हणजे इतिमादुद्दौला, पूर्वीचा वजीर मुहम्मद अमीनखान याचा मुलगा. तो 1724 पासून मरेपर्यंत वजीर होता. म्हणून त्या सालानंतरच्या मजकुरात ‘वजीर कमरुद्दीनखान’ आढळला, तर तो हाच समजावा. 1737 मध्ये बाजीराव दिल्लीवर धडकला तेव्हाही वजीर हाच होता. मात्र चोवीस वर्षांच्या या वजिरीवरून त्याचे वजन मोजू नये, असे मला वाटते. 1739 मध्ये कर्नालला मोगलांचा पराभव झाल्यावर वजीर छावणीत हजर असतानाही नादिरशहाशी तहाची बोलणी करायला गेला तो निजामच.

दोघांच्या मृत्यूचे सालही एकच आहे, 1748. मार्चमध्ये सरहिंदजवळ मनुपूरला अब्दालीशी लढाई चालू असताना, तंबूत नमाज पढणाऱ्या वजिराला तोफेचा गोळा लागला. त्याचा मुलगा मीर मन्नू याने ती बातमी दडवून फौज लढती ठेवली आणि अब्दालीला मागे हटावे लागले. निजाम 1 जूनला बऱ्हाणपुरात वारला. त्याची कबर खुलताबादला, औरंगजेबाच्या कबरीपासून जवळच आहे.