दुर्मिळ कर्करोगावरचा संशोधन खर्च वाया जातो का?

‘डोळ्याचा कर्करोग लाखात एखाद्याला होतो, त्यावर संशोधनाचा पैसा घालणं म्हणजे वाया घालवणं’, हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. साधा हिशेब म्हणून तो कुणालाही पटेल. पण गणितात एक गोष्ट सुटते.

लहान मुलांना होणारा रेटिनोब्लास्टोमा घ्या. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक बाळ, म्हणजे खरंच दुर्मिळ. काही मुलांना तो एका डोळ्यात होतो, काहींना दोन्ही. असं का, या प्रश्नातून १९७१मध्ये तर्क मांडला गेला, की पेशीतल्या एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तरच गाठ होते. १९८६मध्ये ते जनुक, आरबी१, हाती लागलं. गाठ रोखणारं, वेगळं काढता आलेलं हे पहिलंच जनुक! पेशींच्या विभाजनाला लगाम घालणारं त्याचं प्रथिन डोळ्यापुरतं नाही, शरीरभर काम करतं.

त्या लगामाच्या अभ्यासावर उभं राहिलेलं पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५पासून स्तनाच्या कर्करोगावर वापरात आहे. पडताळायचंय? त्याचं डॉक्टरांसाठीचं माहितीपत्रक इंटरनेटवर मिळतं. औषध कसं काम करतं तो भाग उघडा. स्तनाच्या औषधात ‘रेटिनोब्लास्टोमा’ हा शब्द सापडेल.

आणि समजा, हा फायदा झालाच नसता तरी? वेळेत निदान झालं तर आज बहुतेक मुलं वाचतात, अनेकांचा डोळाही. माझ्या मते तेवढं पुरेसं आहे. फ्लॅशच्या फोटोत बाळाच्या डोळ्यातली बाहुली पांढरी दिसली, तर मात्र लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्या.