कणकुंबी-चोर्ल्याचा सडा पडीक नाही, त्याची पार्श्वभूमी बघा

बेळगावहून जांबोटीवरून चोर्ल्याकडं जाताना उघडे सडे, म्हणजे खडकाळ सपाट पठारं, लागतात, झाड नाही, पीक नाही, म्हणून लोक सरळ पडीक माळ म्हणून मोकळे होतात. मला हे ऐकवत नाही, कारण आपल्या भागात सगळ्यात नाजूक जीव जगतात त्या जागांपैकी ही एक.

मूळ गोष्ट अशी, की बेळगाव दख्खनच्या लाव्ह्याच्या दक्षिण टोकाला येतं. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, त्याचा बेसाल्ट झाला आणि येळ्ळूर-वडगावची बासमती पिकवणारी काळी जमीन त्यातूनच आली. खानापूरकडं मात्र 250 कोटी वर्षांहून जुना धारवाडी खडक वर येतो, आणि गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून उडी मारते तो आणखी वेगळा, जुन्या पाण्याखाली साचलेल्या वाळूचा. त्यात भारत आधी मादागास्करपासून आणि मग सेशेल्सपासून तुटला, पश्चिमेची कड उचलली गेली, त्यामुळं मलप्रभा समुद्राजवळ कणकुंबीला उगवूनसुद्धा पूर्वेला कृष्णेकडं जाते आणि त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई खाली गोव्यात उतरते. ढगही या कडेलाच अडतात, म्हणून कणकुंबीला धो धो पाऊस आणि गोकाकला काटेरी झुडपं.

आता सडा. ऊन आणि पाऊस खडकावर लाखो वर्षं काम करत राहिले, सिलिका धुऊन गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागं राहिलं, तोच आपला जांभा दगड. अ‍ॅल्युमिनियम जास्त तिथं बॉक्साइट, बेळगावात अ‍ॅल्युमिनाचा कारखाना आला तो त्याच्यामुळंच. वरचं कवच इतकं टणक की मोठ्या झाडाचं मूळ शिरत नाही, माती बोटभर, त्यात नायट्रोजन-फॉस्फरस जवळजवळ नाहीच. मग पावसाळ्यात गुडघे टेकून बघा, पाण्याच्या पातळ थरात सीतेची आसवं फुललेली असतात, इवलीशी निळी-जांभळी, आणि जमिनीलगतच्या बारीक पिशव्यांत पाण्यातले किडे ओढून घेतात. शेजारी दवबिंदू, त्याच्या पानावरच्या चिकट केसांना चिलट अडकलेलं. जमीन देत नाही ते ही झाडं किड्यांतून मिळवतात. याच भागात देवगांडुळाची म्हादईच्या नावाची जात सापडली, दिसायला गांडूळ पण बेडकाच्या नात्यातला कणा असलेला प्राणी, 2007 साली शास्त्रज्ञांनी नोंदवला.

जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून मुरतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यांतून बाहेर येतं, दाट रान तिथंच धरतं. चिऱ्याची खाण काढली किंवा रिसॉर्टसाठी जागा सपाट केली तर फुलं जातातच, पण खालच्या झऱ्याचं पाणीही तुटतं.

खानापूरकडच्याच भीमगडच्या जंगलात अजून वेगळं, तिथं चुनखडीच्या बारापेडी गुहा आहेत. राउटनचं वटवाघूळ कित्येक दशकं जगात फक्त तिथलंच माहीत होतं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. भीमगडला 2011 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, रस्त्याकडेचे बरेचसे सडे मात्र अजून उघड्यावरच आहेत.