डेटाबेस बॅकअप आणि पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी

पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी : डेटाबेस भूतकाळातील एखाद्या नेमक्या क्षणी जसा होता, तशा अवस्थेत तो परत उभा करण्याची पद्धत. रोज रात्री घेतलेल्या बॅकअपवरून फक्त त्या रात्रीची अवस्था मिळते. दुपारी २ वाजून ४ मिनिटांनी कोणी अट न घालता डिलीटची आज्ञा चालवली आणि रात्रीचा बॅकअप परत चढवला, तर चुकीबरोबर सकाळपासूनचे सारे खरे कामही पुसले जाते. या पद्धतीने मात्र २ वाजून ३ मिनिटांपर्यंतचे व्यवहार हाती येतात. ओरॅकलमध्ये आर्काइव्ह केलेले रीडू लॉग, मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉग आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्शन लॉगचे बॅकअप यांच्या आधारे ती साधली जाते. पुढील विवेचन मुख्यतः पोस्टग्रेसक्यूएल (व्यवहारात 'पोस्टग्रेस') या मुक्तस्रोत प्रणालीला धरून आहे.

या पद्धतीचे तत्त्व हिशेबाच्या वह्यांवरून चटकन समजते. पेढीवर प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमाने आधी रोजकीर्दीत लिहितात आणि तेथून तो खतावणीत त्या त्या खात्यावर चढवतात. खतावणी नष्ट झाली, तरी गेल्या वर्षअखेरची शिल्लक आणि तेव्हापासूनची अखंड रोजकीर्द हाताशी असल्यास ती पुन्हा लिहून काढता येते, आणि लिहिताना हव्या त्या तारखेला थांबताही येते. डेटाबेसमध्ये तक्त्यांच्या फायली ही खतावणी आणि लॉग ही रोजकीर्द होय. बदलाची नोंद आधी लॉगमध्ये करायची, ती डिस्कवर पक्की झाल्यावरच व्यवहार 'कमिट' (कायमचा पक्का) झाल्याचे कळवायचे आणि मूळ फायलींत बदल मागाहून सवडीने उतरवायचा, या नियमाला राइट-अहेड लॉगिंग म्हणतात. आयबीएममधील सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला 'एरीज' हा अल्गोरिदम या विषयातील पायाभूत मांडणी मानला जातो. पोस्टग्रेसमध्ये हा लॉग, म्हणजे 'वॉल' (राइट-अहेड लॉगचा संक्षेप), २००१ मधील ७.१ या आवृत्तीत आला, तो सर्व्हर अचानक बंद पडल्यावर सावरता यावे म्हणून. त्याच लॉगच्या जुन्या फायली साठवून कोणत्याही क्षणापर्यंत जाण्याची सोय जानेवारी २००५ मधील ८.० या आवृत्तीने दिली.

त्यासाठी दोन गोष्टी लागतात : एक पायाभूत बॅकअप, आणि तो सुरू झाल्यापासूनच्या लॉगच्या फायलींची न तुटलेली साखळी. पायाभूत बॅकअप म्हणजे डेटाच्या संपूर्ण डिरेक्टरीची नक्कल. ती पीजी-बेसबॅकअप या साधनाने डेटाबेस चालू असतानाच घेता येते. नक्कल चालू असताना फायली बदलत राहत असल्याने तिचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या क्षणांचे असतात, परंतु लॉग पुन्हा चालवल्यावर ही विसंगती नाहीशी होते. मात्र यामुळेच बॅकअप पूर्ण होण्याच्या आधीच्या कोणत्याही क्षणी थांबता येत नाही. लॉग प्रत्येकी १६ एमबीच्या फायलींत लिहिला जातो, आणि भरलेली प्रत्येक फाइल 'आर्काइव्ह कमांड' या सेटिंगमध्ये दिलेली आज्ञा दुसऱ्या जागी पोचवते. ही एका ओळीची आज्ञा सगळ्या योजनेचा कणा आहे. फाइल खरोखर पोचली तरच तिने यश कळवले पाहिजे आणि आधीची फाइल कधीही पुसून वर लिहिता कामा नये. ती अयशस्वी होत राहिली, तर न गेलेल्या फायली सर्व्हरवरच साठत जातात, आणि लक्ष न दिल्यास डिस्क भरून डेटाबेस बंद पडतो. त्याउलट काहीच न करता यश कळवणारी आज्ञा अधिक घातक, कारण साखळीत पडलेला खंड रिस्टोअरच्या (बॅकअपवरून परत उभारणीच्या) दिवसापर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

नियोजनाची सुरुवात दोन प्रश्नांपासून करतात : किती वेळाचे काम गमावलेले चालेल, आणि किती वेळ बंद राहिलेले चालेल. पहिल्याला आरपीओ आणि दुसऱ्याला आरटीओ म्हणतात. ही उत्तरे तांत्रिक विभागाने एकट्याने ठरवण्याची नसतात, कारण प्रत्येक आकड्यामागे खर्च असतो. कमी वर्दळीच्या डेटाबेसमध्ये १६ एमबीची फाइल भरायला तासही लागू शकतो आणि सर्व्हरची डिस्कच गेली, तर तेवढे काम जाते. म्हणून 'आर्काइव्ह टाइमआउट' लावून फाइल ठरावीक वेळाने बदलायला लावतात. परंतु अर्धवट भरलेली फाइलही पूर्ण १६ एमबीची जागा घेते. पाच मिनिटांची मर्यादा ठेवली आणि दिवसभर थोडीतरी हालचाल असली, तर रोज किमान २८८ फायली, म्हणजे साडेचार जीबी साठतात. एका मिनिटावर आणले की हाच आकडा साडेबावीस जीबीवर जातो, अर्थात कॉम्प्रेशनने तो बराच खाली येतो. आरटीओ मुख्यतः पायाभूत बॅकअप किती जुना आहे यावर ठरतो : रविवारच्या बॅकअपवरून शनिवारी उभे राहायचे, तर सहा दिवसांचा लॉग पुन्हा चालवावा लागतो, आणि पोस्टग्रेसमध्ये हे काम एकच प्रोसेस क्रमाने करते. जुने बॅकअप काढून टाकतानाही, ठेवलेल्या सर्वांत जुन्या पायाभूत बॅकअपपासूनचा लॉग काढून टाकता येत नाही.

प्रत्यक्ष पुनर्प्राप्तीत थांबण्याची जागा वेळ, व्यवहार क्रमांक किंवा आधी नाव देऊन ठेवलेली खूण यांपैकी कशानेही सांगता येते. मोठा बदल करण्यापूर्वी अशी खूण करून ठेवणे हा फुकटात मिळणारा विमा आहे. वेळ सांगताना भारतातील वापरकर्त्यांनी विशेष जपावे. सर्व्हरची वेळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असताना नुसते १४:०३ लिहिले, तर ते भारतीय वेळेनुसार संध्याकाळचे ७:३३ होतात आणि जी आज्ञा टाळायची तीही पुन्हा चालते. 'आयएसटी' असे लिहिणेही सुरक्षित नाही, कारण पोस्टग्रेसच्या मूळ तक्त्यात हा संक्षेप इस्रायलच्या प्रमाणवेळेसाठी आहे. +०५:३० असा फरक अंकांतच द्यावा. ठरलेल्या क्षणी पोचल्यावर प्रणाली सहसा थांबून राहते आणि डेटा वाचून तपासू देते. तेथून आणखी पुढे जाता येते, मागे येता येत नाही. मागे यायचे तर पायाभूत बॅकअपपासून पुन्हा आरंभ करावा लागतो. म्हणून अनुभवी डीबीए (डेटाबेस सांभाळणारे प्रशासक) पहिला अंदाज मुद्दाम थोडा आधीचा धरतात. पुनर्प्राप्तीनंतर नवी 'टाइमलाइन' सुरू होते, त्यामुळे नवा लॉग जुन्यावर चढत नाही आणि पहिला प्रयत्न फसला तरी दुसरा करता येतो.

ही पद्धत संपूर्ण डेटाबेस क्लस्टरला (एका सर्व्हरखालच्या सर्व डेटाबेसना मिळून) लागू होते, एकट्या तक्त्याला नाही. एकच तक्ता गेला असेल, तर वेगळ्या सर्व्हरवर सर्व उभे करून तेथून तो उचलून आणतात. पीजी-डंप या साधनाने काढलेली डेटाची प्रत (डंप) त्या कामी उपयोगी असली, तरी तिच्यावर लॉग चालवता येत नाही. रेप्लिकाला, म्हणजे मुख्य सर्व्हरचे बदल सतत उतरवून घेणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरला, बॅकअप समजणे ही सर्वांत रूढ चूक होय : चुकीचे डिलीट रेप्लिकावर काही क्षणांतच पोचते.

३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅब डॉट कॉम या सॉफ्टवेअरचा कोड साठवण्याच्या संकेतस्थळावरील घटना या संदर्भात नेहमी सांगितली जाते, आणि कंपनीने तिचा तपशील स्वतःच उघड केल्याने ती शिकण्याजोगी आहे. रेप्लिका मागे पडली होती, तिला लागणाऱ्या लॉगच्या फायली मुख्य सर्व्हरवरून निघून गेल्या होत्या आणि त्या आर्काइव्ह केल्या जात नव्हत्या. ती नव्याने जोडण्याच्या खटपटीत मुख्य सर्व्हरवरचीच डेटा डिरेक्टरी पुसली गेली. रोजचा डंप जुन्या आवृत्तीच्या साधनाने चालवला जात असल्यामुळे अयशस्वी होत होता, आणि तसे कळवणारे ईमेल प्राप्तकर्त्याकडे नाकारले जात होते. शेवटी सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर (डिस्कच्या त्या क्षणाच्या नकलेवर) निभावले.

बॅकअपची तपासणी म्हणूनच रिस्टोअर करून केली जाते. २०२० मधील १३ व्या आवृत्तीपासून आलेले पीजी-व्हेरिफायबॅकअप हे साधन नकलेतील फायली बॅकअपसोबत लिहिलेल्या यादीशी जुळतात की नाही हे मुख्यतः पाहते. त्यांवरून सर्व्हर उठेल का, लॉगची साखळी शेवटपर्यंत चालेल का आणि त्याला किती तास लागतील, हे वेगळ्या यंत्रावर ठरावीक काळाने प्रत्यक्ष उभारणी केल्यावरच कळते, आणि योजनेतील आरटीओचा आकडा त्या मोजणीवरून लिहितात.