मिशेल हॅल्बूटी: मिठाच्या घुमटाखाली तेल शोधणाऱ्या स्वतंत्र भूवैज्ञानिकाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील टेक्सास राज्यात ब्यूमाँट शहराला लागून स्पिंडलटॉप नावाचा एक ठेंगणा उंचवटा आहे. १० जानेवारी १९०१ रोजी अँथनी लुकास यांच्या विहिरीतून तेथे तेलाचा जो फवारा उसळला, तो दीडशे फूट उंच गेला आणि आवरायला नऊ दिवस लागले. या काळात रोज सुमारे एक लाख बॅरल तेल वाया जात होते. त्यानंतर आठ वर्षांनी, २१ जून १९०९ रोजी, याच ब्यूमाँटमध्ये लेबनॉनहून येऊन स्थायिक झालेल्या एका कुटुंबात मिशेल टी. हॅल्बूटी यांचा जन्म झाला. लहानपणी त्यांनी स्पिंडलटॉपवर खोदकाम करणाऱ्या कामगारांना बर्फाचे पाणी पोचवण्याचे काम केले. पंचाण्णव वर्षांच्या आयुष्यात ते तेलव्यवसायाच्या अनेक पायऱ्या चढले. पण त्यांच्या विचाराचे मूळ या मिठाच्या टेकडीतच शोधावे लागते.

मेक्सिकोच्या आखाताच्या काठावर जमिनीखाली फार प्राचीन समुद्राच्या मिठाचे जाड थर आहेत. त्यांच्यावर हजारो फूट गाळ साचला की त्या दाबाने मीठ वाहू लागते, आणि ते भोवतालच्या खडकापेक्षा हलके असल्याने खांबासारखे वर चढते. यालाच मिठाचा घुमट म्हणतात, आणि स्पिंडलटॉप अशाच एका घुमटावर आहे. चढताना ते वाळूखडकाचे थर वाकवते, फोडते. त्या थरांतून वर सरकत आलेले तेल मिठाच्या अभेद्य भिंतीला अडते आणि तेथेच साठते. स्पिंडलटॉपचे पहिले तेल घुमटाच्या माथ्यावरील सच्छिद्र खडकात सापडले होते. दाटीवाटीने खोदलेल्या विहिरींनी ते काही वर्षांतच उपसले, आणि टेकडी संपली असे बहुतेकांनी ठरवले. फ्रँक यौंट यांच्या कंपनीने मात्र १९२५ मध्ये माथा सोडून घुमटाच्या कुशीत खोल विहीर घेतली व पहिल्या साठ्याहून मोठी संपत्ती उघडी केली. ‘येथे काही उरले नाही’ या निर्णयावर विश्वास ठेवू नये, हा धडा हॅल्बूटी यांनी वयाच्या सोळाव्या वर्षी घराच्या अंगणातच पाहिला, असे म्हणायला हरकत नाही.

टेक्सास ए अँड एम महाविद्यालयातून त्यांनी १९३० मध्ये भूशास्त्र व पेट्रोलियम अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण केले, पुढील वर्षी पदव्युत्तर पदवी घेतली आणि ते यौंट यांच्याच कंपनीत खालच्या पायरीवर रुजू झाले. मंदीचे दिवस होते. गॅल्व्हस्टन जिल्ह्यातील हाय आयलंड येथील घुमटावर चाललेले काम सोडून द्यावे असा विचार बळावत असताना या बाविशीतल्या तरुणाने खडकाचे नमुने तपासून आणखी खाली जाण्याचा आग्रह धरला आणि मालकाला तो पटवला. तेल लागले. मीठ सरळ खांबासारखे न चढता वरच्या बाजूला छत्रीसारखे पसरले असेल, तर त्या पसाऱ्याखाली तेलाचे थर दडलेले असू शकतात. मीठ लागताच विहीर सोडून देणारा माणूस त्या थरांच्या तोंडाशी येऊन परत फिरतो. हाय आयलंडच्या या रचनेवर हॅल्बूटी यांनी १९३६ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला.

यौंट १९३३ मध्ये वारले आणि दोन वर्षांनी त्यांची कंपनी विकली गेली. काही काळ ग्लेन मॅकार्थी या तेलव्यावसायिकाकडे काम केल्यावर हॅल्बूटी यांनी १९३७ मध्ये ह्यूस्टनमध्ये स्वतःचे सल्लागार कार्यालय उघडले. येथे ‘स्वतंत्र’ या शब्दाचा अर्थ समजून घ्यायला हवा. अमेरिकेत जमिनीखालचे तेल बहुतांशी जमीनमालकाच्या हक्काचे असते. तो ते लीजवर देतो आणि उत्पन्नाचा ठरावीक वाटा, परंपरेने एक अष्टमांश, रॉयल्टी म्हणून घेतो. त्यामुळे तेलशुद्धीकरण कारखाना किंवा पेट्रोल पंप नसलेल्या एखाद्या भूवैज्ञानिकालाही शेतकऱ्याशी करार करून, चार भागीदारांचे पैसे गोळा करून विहीर घेता येते. आपल्याकडे परवाना सरकारकडूनच मिळतो आणि स्वातंत्र्यानंतर तेलशोधाचा मोठा भार सरकारी संस्थेने उचलला. म्हणून अशा एकांड्या तेलशोधकाची कल्पना मराठी वाचकाला सहज येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने हे कार्यालय मागे पडले. हॅल्बूटी यांनी आधी जॉर्जियातील फोर्ट बेनिंग येथे पायदळाचे प्रशिक्षक म्हणून काम केले. नंतर सेना व नौदल यांच्या संयुक्त पेट्रोलियम मंडळात तेल उत्पादन विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले, आणि १९४५ मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून ते सेवेतून बाहेर पडले. डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ या काळात मित्रराष्ट्रांनी वापरलेल्या सुमारे ७ अब्ज बॅरल तेलापैकी सुमारे ६ अब्ज बॅरल एकट्या अमेरिकेने पुरवले. ज्या देशाने हा पुरवठा केला, तोच १९४८ पासून निर्यातीपेक्षा अधिक तेल आयात करू लागला. हॅल्बूटी यांच्या पुढील आयुष्यातील तळमळ मला या दोन वस्तुस्थितींच्या मधे उभी दिसते: तेल म्हणजे युद्धसामग्री, हे त्यांनी नोकरीतून शिकले होते.

युद्धानंतर ते पुन्हा ह्यूस्टनला परतले आणि भूवैज्ञानिक, अभियंता व तेल उत्पादक अशा तिन्ही नात्यांनी विहिरी घेऊ लागले. त्यांच्या नावावर अनेक तेल व वायू क्षेत्रे लागली. अलास्कातील केनाई द्वीपकल्पावर त्यांनी १९६० मध्ये वायूचा शोध लावला. त्या राज्यात असे क्षेत्र शोधणारे ते पहिले स्वतंत्र तेलशोधक मानले जातात. हे काम चालू असताना ते लिहीतही राहिले. आखाती मिठाच्या घुमटांवरील त्यांचा ग्रंथ १९६७ मध्ये आला.

त्यांच्या वैज्ञानिक आग्रहाचा गाभा मात्र ‘सूक्ष्म सापळा’, म्हणजे तेल अडवून ठेवणारी पण सहज न दिसणारी खडकरचना, हा होता. खडकाच्या थराला आलेली कमान जमिनीत कृत्रिम कंपने पाठवून केलेल्या सर्वेक्षणात ठळक दिसते, म्हणून तिच्यावर सर्वांची नजर जाते. पण वाळूचा थर एका बाजूला निमुळता होत संपला, किंवा जुन्या झिजलेल्या पृष्ठभागावर नवा गाळ बसला, तरी तेल अडते. हे नकाशावर पटकन उमटत नाही. पूर्व टेक्सासचे १९३० मध्ये सापडलेले अवाढव्य क्षेत्र असेच होते. तेथे वाळूखडकाचा थर पूर्वेकडे चढत चढत नाहीसा होतो. मोठ्या कंपन्यांच्या तज्ज्ञांनी नाकारलेल्या त्या जागी डॅड जॉइनर या वृद्ध तेलशोधकाच्या तिसऱ्या विहिरीला तेल लागले. जे योगायोगाने सापडले ते हेतुपूर्वक शोधले पाहिजे, असे हॅल्बूटी दशकानुदशके सांगत राहिले, आणि १९८२ मध्ये याच विषयावर त्यांनी संपादित केलेला खंड प्रसिद्ध झाला. १९७० च्या दशकात उपग्रहांची छायाचित्रे मिळू लागली, तेव्हा साठी ओलांडलेल्या या माणसाने तेलशोधासाठी त्यांचा पुरस्कार केला.

अमेरिकन पेट्रोलियम भूवैज्ञानिकांच्या संघटनेचे ते १९६६-६७ मध्ये अध्यक्ष होते. स्वस्त आयातीच्या भरवशावर देशातील शोधकाम आटले तर टंचाई अटळ आहे, असा इशारा १९६० च्या दशकातील भाषणांतून ते देत होते. १९७० मध्ये अमेरिकेच्या उत्पादनाने तेव्हाचा उच्चांक गाठला व ते उतरू लागले, आणि १९७३ मध्ये अरब देशांनी पुरवठा रोखला. रोनाल्ड रेगन निवडून आले तेव्हा ऊर्जाधोरणावरील सल्लागार गटाचे नेतृत्व हॅल्बूटी यांच्याकडे होते. तेलाच्या किमतींवरील सरकारी नियंत्रण रेगन यांनी २८ जानेवारी १९८१ रोजी, सत्तेवर आल्यावर आठ दिवसांत उठवले.

त्यांचे सर्वांत दीर्घ काम म्हणजे जगातील महाक्षेत्रांची नोंद. ढोबळमानाने ५० कोटी बॅरल तेल किंवा तेवढा वायू देऊ शकणाऱ्या क्षेत्रांवरील अभ्यासलेख त्यांनी एकत्र आणले व १९७० मध्ये पहिला खंड संपादित केला. १९८० च्या खंडात आपल्या बॉम्बे हायवर भारतीय भूवैज्ञानिकांचा लेख आहे: ‘सागर सम्राट’ या समुद्री खोदकाम-मंचाने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखालच्या चुनखडकात तेल गाठले होते, आणि सहा वर्षांत त्याचे भूशास्त्र जगाच्या नोंदीत आले. तिसरा खंड १९९२ मध्ये निघाला. १९९० ते १९९९ या काळात सापडलेल्या महाक्षेत्रांचा खंड २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा संपादकाचे वय चौऱ्याण्णवच्या घरात होते. पुढच्या वर्षी, ६ नोव्हेंबर २००४ रोजी, हॅल्बूटी यांचे निधन झाले.